ओरिजिनल कार्बोरेटर : पण ओरिजिनल कुठल्या अर्थानं?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या वेळची बहुतेक पत्रं एकाच वस्तूबद्दल आहेत : जुन्या मोटारीचा ‘ओरिजिनल’ म्हणून विकला जाणारा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग. उत्तरांकडे वळण्याआधी एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा. बाजारात ‘ओरिजिनल’ हा शब्द निदान पाच निरनिराळ्या वस्तूंना लावतात. कारखान्यातून बाहेर पडताना त्याच गाडीवर होता तो एक. त्याच मॉडेलसाठी त्याच काळात बनलेला, पण दुसऱ्या गाडीवरून उतरवलेला तो दुसरा. त्याच कंपनीनं पुढे बदली भाग म्हणून विकलेला तिसरा. मूळ नावाचे हक्क घेऊन आज नव्यानं बनतो तो चौथा. आणि पाचवी निव्वळ नक्कल. पहिल्या चारांत खोटं काही नाही, पण त्यांचे भाव सारखे नसतात. नक्कल अस्सल म्हणून गळ्यात मारणं ही उघड फसवणूक झाली. तिसऱ्या प्रकारचा माल पहिल्याच्या भावानं विकणं मात्र जास्त वेळा घडतं आणि ओळखायलाही जास्त कठीण असतं.

प्रश्न : माझ्याकडे 1951 ची एमजी टीडी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. मुंबईच्या मटन स्ट्रीटवरून एसयू कार्बोरेटरची जोडी घेतली. दोन्हींवर एसयूची अक्षरं आहेत, पत्र्याचे बिल्ले आहेत आणि आरशासारखं पॉलिश आहे. विक्रेता म्हणतो, शंभर टक्के मूळ जोडी. खात्री कशी करावी?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : अक्षरं, बिल्ला आणि पॉलिश या तिन्ही गोष्टी सध्या बाजूला ठेवा. अक्षरं ओतकामात येतात आणि नक्कल करणाऱ्यालाही ती ओतता येतात. बिल्ला फ्लोट चेंबरच्या (तरंगत्या फ्लोटनं पेट्रोलची पातळी राखणाऱ्या भांड्याच्या) झाकणाच्या स्क्रूखाली नुसता अडकवलेला असतो. तो बदलायला अर्धं मिनिट पुरतं आणि नवे ठोकलेले बिल्लेही विकत मिळतात. पॉलिशनं तर उलट नुकसान झालं आहे, ते पुढे सांगतो.

आधी हा कार्बोरेटर टीडीच्या काळातला आहे का ते बघा. टीडीवर एसयूच्या एच-2 जातीची, सव्वा इंची तोंडाची जोडी होती. एच जातीत फ्लोट चेंबर आडव्या बोल्टनं किंवा बाहीनं सरळ अंगाला जोडलेलं असतं आणि पेट्रोल आतल्या वाटेनंच जेटपर्यंत (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकापर्यंत) जातं. फ्लोट चेंबरच्या तळातून निघून जेटच्या बुडाशी जाणारी नायलॉनची बारीक नळी दिसली, तर ती एचएस जात झाली. ती 1950 च्या दशकाच्या अखेरीस आली. 1959 च्या मिनीवर तीच होती. म्हणजे नळीवाली जोडी अस्सल एसयू असली तरी 1951 च्या गाडीची मूळ जोडी असूच शकत नाही. पुष्कळ व्यवहारांचा निकाल इथेच लागतो आणि त्याला पानाही उचलावा लागत नाही.

ती एच-2 निघाली तर वरचं घुमटासारखं सक्शन चेंबर काढा. आतला पिस्टन आणि हे चेंबर कारखान्यात एकमेकांशी जुळवून दिलेले असतात. ते एकमेकांना न टेकता, अगदी बारीक फटीवर चालतात. जुन्या बाजारात चार तुटक्या कार्बोरेटरांतून एक धड जोडी बनवताना पहिल्यांदा मोडतं ते हे जुळणं. त्याची चाचणी घरीच होते. चेंबर आणि पिस्टन पेट्रोलनं स्वच्छ धुऊन कोरडे करा. स्प्रिंग काढून ठेवा. पिस्टनच्या बुडातली हवेची भोकं मुलांच्या खेळण्यातल्या मातीनं बुजवा, डॅम्पर (पिस्टनची हालचाल मंदावणारी दांडी) असेल तर तो बसवा आणि पिस्टन चेंबरमध्ये पूर्ण आत ढकला. आता दोन्ही उलटे करून पिस्टन हातात धरा आणि चेंबर स्वतःच्या वजनानं खाली घसरू द्या. खाली मऊ फडकं असू द्या. सव्वा इंची कार्बोरेटरला यासाठी 3 ते 5 सेकंद लागायला हवेत, दीड इंच आणि त्यावरच्या मापांना 5 ते 7. एक सेकंदात धप्पकन पडलं तर चेंबर आणि पिस्टन वेगवेगळ्या कार्बोरेटरांचे आहेत किंवा फार झिजले आहेत. असा पिस्टन गाडीत पुरेसा उचलला जात नाही, दोन्ही कार्बोरेटर एकसारखे लागत नाहीत आणि ट्यूनिंग दर आठवड्याला हलतं. अडखळत उतरलं तर चेंबरला पोचा आहे किंवा घाण राहिली आहे. पोचा काढायला काचकागद कधीही वापरू नका. एकदा फट वाढली की ती परत येत नाही.

जोडीतला एक कार्बोरेटर 4 सेकंद आणि दुसरा दीड सेकंद दाखवत असेल, तर ती ‘जोडी’ बाजारात जमली आहे, कारखान्यात नव्हे.

मग निडल, म्हणजे जेटमध्ये वर-खाली होणारी निमुळती सुई. पिस्टनच्या बाजूचा बारीक स्क्रू सैल करून ती ओढून काढा. तिच्या दांड्यावर अक्षरं ठोकलेली असतात; भिंगानं वाचा. टीडीला 0.090 इंची जेट आणि ‘ईएस’ निडल होती. दुसरी अक्षरं दिसली म्हणून कार्बोरेटर नकली ठरत नाही, कारण निडली बदलल्या जातात. पण दोन कार्बोरेटरांत दोन वेगळ्या निडली असल्या तर विक्रेत्यानं त्या उघडूनही पाहिलेल्या नाहीत हे नक्की. परत बसवताना निडलची खांद्याची कड पिस्टनच्या बुडाशी सपाट ठेवा.

शेवटी थ्रॉटलचा (इंजिनाकडे जाणारं मिश्रण कमी-जास्त करणाऱ्या झडपेचा) स्पिंडल वर-खाली हलवून बघा. खडखड जाणवली तर तिथून हवा शिरते आणि आयडलिंग कधीच स्थिर होत नाही. हा दोष खोटेपणाचा नाही, पण अंगाला बुश बसवून नवा स्पिंडल घालावा लागतो. तो खर्च किमतीतून वजा करून घ्या.

आता पॉलिशचं. अंगावर बफ फिरवला की ओतकामाची मूळ कातडी, यंत्रकामाच्या बारीक रेघा आणि ठोकलेल्या अंकांच्या कडा हे सगळं पुसलं जातं, आणि वस्तू ओळखायची ती त्याच खुणांवरून. वाळू किंवा काचमण्यांचा मारा केल्यावरही तेच होतं. न साफ केलेला, काळपट आणि चिकट कार्बोरेटर अशा कारणानं जास्त मोलाचा असतो. जोडी अजून परत करता येत असेल तर एवढं पॉलिश हेही परत करण्याला पुरेसं कारण आहे.

एसयूचं नाव आणि उत्पादन आज इंग्लंडमधल्या सॉल्झबरीच्या बर्लेन या कंपनीकडे आहे आणि तिथला नवा कार्बोरेटर वापरायला उत्तमच. तो वर सांगितलेल्या पाचांतला चौथा प्रकार. नवा म्हणून घेतला तर त्यात गैर काही नाही.

प्रश्न : 1944 च्या विलिस एमबी जीपसाठी ‘महायुद्धातला मूळ कार्टर’ कार्बोरेटर विकायला आहे. बिल्ल्यावर 636एस असं आहे. घ्यावा का?
– एक वाचक, देवळाली, नाशिक

उत्तर : युद्धातला म्हणून घेऊ नका. विलिस एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू या दोन्ही युद्धकालीन जीपांवर कार्टरचा डब्ल्यूओ जातीचा 539एस होता. युद्धानंतरच्या नागरी सीजे-2ए वर आधी 596एस आणि मग 636एस आला. तिन्ही दिसायला सख्खी भावंडं आहेत, तुमच्या इंजिनावर 636एस चालेलही, पण त्याचा भाव नागरी जीपच्या कार्बोरेटरचा असायला हवा. सीजे-3बी वर तर वेगळ्याच वायएफ जातीचा कार्टर होता.

कार्टरच्या बिल्ल्यावर मॉडेलच्या आकड्याबरोबर तारखेची खूण असते : एक अक्षर महिन्याचं, एक आकडा वर्षाचा. ‘सी4’ म्हणजे मार्च 1944. तुमच्या जीपच्या जन्मतारखेच्या आधीचे काही महिने असतील तर जमतं. नंतरचे असतील तर तो बदललेला. बिल्ल्याबद्दलची वरची शंका इथेही लागू आहे, म्हणून बिल्ल्यावर न थांबता अंग तपासा.

खिशात लोहचुंबक ठेवा. डब्ल्यूओचा खालचा, मॅनिफोल्डवर (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीवर) बसणारा थ्रॉटलचा भाग बिडाचा असतो आणि वरचं अंग जस्ताच्या मिश्रधातूचं. चुंबक खाली चिकटला पाहिजे आणि वर चिकटता कामा नये. खालीही चिकटला नाही तर बोलणी तिथेच थांबवा. (फोर्ड मॉडेल ए च्या झेनिथचं तर जवळजवळ सगळं अंगच बिडाचं, तिथेही चुंबक कामाचा.) जस्त आणि ॲल्युमिनियम डोळ्यांना सारखे दिसतात, हाताला नाही. जस्ताचा मिश्रधातू दर घन सेंटिमीटरला सुमारे 6.6 ग्रॅम भरतो, ॲल्युमिनियम 2.7. ओळखीच्या अस्सल कार्बोरेटरचं वजन वहीत लिहून ठेवलेलं असेल तर वजनकाटा पुष्कळ वाद मिटवतो.

मग वरचं झाकण काढून आत मीटरिंग रॉड आहे का बघा : थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी, टोकाकडे पायरीनं बारीक होत जाणारी सळई. डब्ल्यूओचं पेट्रोल मोजण्याचं कामच ती करते. जीपसाठी ‘कार्टरच्या जागी बसणारे’ म्हणून जे स्वस्त कार्बोरेटर बनतात त्यांतल्या अनेकांची रचना सोलेक्स या दुसऱ्याच कंपनीच्या कार्बोरेटरवर बेतलेली असते. त्यांत नुसता जेट असतो, रॉड नसतो. भोकं जुळतात, गाडी चालतेही, पण त्याला कार्टर म्हणता येणार नाही.

स्क्रूंच्या आट्यांकडे विशेष लक्ष द्या, कारण इथे चांगले मिस्त्रीही फसतात. अमेरिकी कार्बोरेटरवर इंची आटे असतात. त्यांतला नेहमीचा 10-32 हा स्क्रू 4.83 मिमी जाड आणि त्याचा आटा (दोन आट्यांतलं अंतर) 0.794 मिमीचा. मेट्रिक एम-5 हा 5 मिमी जाड, आटा 0.8 मिमीचा. जुन्या ब्रिटिश कामातला 2 बीए हा 4.7 मिमी जाड, आटा 0.81 मिमीचा. आटे मोजायची पट्टी लावली तर तिन्ही बसल्यासारखे वाटतात! फरक जाडीत आहे, म्हणून व्हर्नियर लावा. अमेरिकी कार्बोरेटरच्या सगळ्याच भोकांत एम-5 निघाले तर साचाच नवा आहे. एकाच भोकात निघाला तर कधीतरी आटे गेले होते आणि कुणीतरी नवे पाडले, एवढाच त्याचा अर्थ.

घेतलाच तर झाकणाखालचं गॅस्केट काढून फ्लोटची उंची मोजा : झाकण आणि फ्लोट यांत 3/8 इंच, म्हणजे 9.5 मिमी.

प्रश्न : माझ्या प्रीमियर पद्मिनीला ‘इटालियन ओरिजिनल’ कार्बोरेटर बसवला तर गाडीचं मोल वाढेल असं सांगतात. देशी सोलेक्सच्या कितीतरी पट किंमत मागतात.
– एक वाचक, ठाणे

उत्तर : मोल वाढणार नाही, कमीच होईल. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात बनली आणि परवान्याखाली भारतात तयार झालेला सोलेक्सच तिचा मूळ कार्बोरेटर. तिच्यावर इटालियन कार्बोरेटर बसवणं म्हणजे अस्सल भाग काढून परका भाग लावणं. परदेशी म्हणजे अस्सल ही समजूत आपल्याकडे फार खोल रुजली आहे आणि विक्रेते तिच्यावरच भाव ठरवतात. ज्या गाड्या इटलीहून आलेल्या सुट्या भागांतून इथे जोडल्या गेल्या, त्या सुरुवातीच्या फियाट 1100 ची गोष्ट निराळी. तिथे गाडीबरोबर आलेलं हँडबुक काय म्हणतं ते बघून ठरवा.

तुमच्या देशी सोलेक्सची तपासणी मात्र नीट करा, कारण त्याचेही नकली सुटे भाग भरपूर फिरतात आणि गाडीच्या तक्रारी बहुतेक तिथूनच सुरू होतात. नावात 32 असेल तर तो आकडा थ्रॉटलच्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो, व्हर्नियरनं मोजा. जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, 130 म्हणजे 1.30 मिमी. भोकाची कड भिंगाखाली गोल, स्वच्छ आणि किंचित सौम्य दिसली पाहिजे. चकचकीत रेघा किंवा बुरं दिसलं तर कुणीतरी तार किंवा ड्रिल फिरवून भोक मोठं केलं आहे.

जेटचा खरेपणा पाण्यानं मोजता येतो. सलाइनची नळी उंचावर ठेवलेल्या भांड्यात सोडा, दुसऱ्या टोकाला जेट घट्ट बसवा आणि भांड्यातल्या पाण्याची पातळी जेटच्या बरोबर 50 सेंमी वर ठेवा. एक मिनिटाचं पाणी मापात धरा. 130 च्या जेटमधून साधारण 150 ते 200 मिली येतं. नेमका आकडा इथे महत्त्वाचा नाही. खात्रीचा जेट आणि संशयित जेट यांची तुलना महत्त्वाची. प्रत्येकाची तीन-तीन मापं घ्या. पाणी 5 टक्के जास्त आलं तर व्यास सुमारे अडीच टक्के मोठा, म्हणजे 130 चा जवळपास 133 झालेला. दिसायला हे काहीच नाही, पण गाडी काळा धूर देते आणि प्लग काजळतात, आणि दोष नाहक फ्लोटवर जातो. अमेरिकी होली कंपनीच्या जेटांना मात्र हा हिशेब लावू नका. त्यांचे आकडे व्यासाचे नसून प्रवाहाप्रमाणे दिलेले क्रमांक आहेत.

प्रश्न : 1969 ची शेव्हरोले कॅमेरो झेड/28 घेण्याचा विचार आहे. विक्रेता कार्बोरेटर मूळ असल्याचं सांगतो आणि एकट्या कार्बोरेटरसाठी मोठी रक्कम धरतो. अंक खोटे ठोकलेले असतात असं ऐकलं. ओळखायचं कसं?
– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे आणि नेमक्या याच कार्बोरेटरबाबत जास्त खरं आहे. त्या गाडीवर होलीचा 4053 होता. चोकच्या उभ्या भिंतीवर जनरल मोटर्सचा 3923289 हा क्रमांक ‘डीझेड’ अक्षरांसह, त्याखाली ‘लिस्ट 4053’ आणि त्याखाली तारखेचा तीन आकडी संकेत असायला हवा. होलीचा सर्रास मिळणारा 3310 हा त्याच घराण्यातला आहे. त्याच्या भिंतीवरचे अंक घासून तिथे नवे ठोकले की स्वस्त वस्तूची महाग वस्तू होते.

संकेत असा वाचतात : पहिला आकडा वर्षाचा शेवटचा, दुसरा महिन्याचा, तिसरा महिन्यातल्या आठवड्याचा. महिने 1 ते 9 सरळ, ऑक्टोबरला 0, नोव्हेंबरला ए, डिसेंबरला बी. ‘923’ म्हणजे 1969 च्या फेब्रुवारीचा तिसरा आठवडा. गाडी एप्रिल 1969 ची असेल तर हे छान जुळतं. कार्बोरेटर आधी इंजिनच्या कारखान्यात जातो, मग इंजिन गाडीच्या कारखान्यात; म्हणून त्याची तारीख गाडीच्या काही आठवडे ते काही महिने आधीची असावी. गाडीच्या नंतरची तारीख असेल तर तो नंतर बसवलेला, मग बाकी सगळं अस्सल का असेना. चार आकडी संकेत दिसला तर तो 1970 च्या दशकातला किंवा त्यानंतरचा, म्हणजे तिसऱ्या प्रकारचा बदली भाग.

खोट्या ठशाची लक्षणं एकेकटी फसवी असतात, म्हणून सगळी एकत्र तपासा. तिरका उजेड टाकून भिंतीकडे बघा : घासल्याच्या समांतर रेघा, भिंतीच्या कडा गोलावलेल्या, अंकांच्या बाजूचा भाग शेजारच्या ओतकामापेक्षा गुळगुळीत, हे घासकामाचे पुरावे. भिंतीची जाडी दोन-तीन ठिकाणी मोजा. धातू काढला असेल तर अंकांच्या जागी ती कमी भरते. अंकांची खोली आणि ओळ पाहा. हातानं एकेक ठोकलेले अंक कमी-जास्त खोल जातात. आकार मात्र खात्रीच्या 4053 च्या फोटोशी ताडून पाहा, आठवणीवर विसंबू नका.

मग रंग. होलीच्या जस्ताच्या अंगावर क्रोमेटचा पिवळट-सोनेरी, हिरवट झाक असलेला लेप असे आणि पन्नास वर्षांत तो असमान फिका होतो, उष्णतेच्या बाजूला जास्त. सगळीकडे एकसारखा झळाळणारा सोनेरी रंग म्हणजे नवा लेप. नवा लेप हा गुन्हा नव्हे, जीर्णोद्धारात तो करतातच. पण त्याखाली घासकाम सहज दडतं. म्हणून लेप देण्याआधीचे फोटो मागा. प्रामाणिक कारागिराकडे ते असतात.

शेवटचा आणि सगळ्यात बोलका पुरावा आतला आहे. मीटरिंग ब्लॉकवर (जेट बसलेल्या भागावर) आणि थ्रॉटलच्या बैठकीवर वेगळे क्रमांक असतात. अंक ठोकणारा बाहेरची भिंत सजवतो, आत 3310 चाच ब्लॉक राहतो. विक्रेता बाऊल (पेट्रोलचं भांडं) काढायला तयार नसेल तर मागितलेली जादा रक्कम देऊ नका. गाडी आवडली असेल तर ती ‘कार्बोरेटर अनिश्चित’ धरून घ्या आणि तेवढे पैसे कमी करा.

प्रश्न : 1965 च्या लोटस एलानसाठी वेबर 40 डीसीओई 151 ‘मूळ वेबर’ म्हणून मिळतो आहे. तो मूळ मानायचा का?
– एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

उत्तर : वेबर मूळ, एलानसाठी नाही. सुरुवातीच्या एलानवर दोन-दोन नळ्यांच्या 40 डीसीओई 18 ची जोडी होती, इटलीत बोलोन्यात बनलेली. 151 हा पुढे स्पेनमध्ये बनलेला, अस्सल वेबरच, पण नंतरच्या काळातला आणि सर्वसाधारण वापराचा.

या जातीच्या नकलाही पुष्कळ आहेत, आणि झाकण अस्सल व अंग नकली अशी जोडणीही भेटते. म्हणून झाकणावरच्या नावापाशी थांबू नका. अंगावर प्रत्येक नळीवर एक छोटा पितळी स्क्रू असतो. तो काढला की प्रोग्रेशनची (थ्रॉटल उघडू लागताच पेट्रोल सोडणारी) भोकं दिसतात. त्यांची संख्या आणि जागा क्रमांकाप्रमाणे ठरलेली असते, 18 ची आणि 151 ची एक नाही. थ्रॉटल पूर्ण बंद असताना पत्र्याची कड पहिल्या भोकाला नेमकी कशी झाकते ते चारही नळ्यांत बघा. हे चार नळ्यांत चार प्रकारचं दिसलं तर यंत्रकाम कच्चं आहे आणि पाय दाबताक्षणी गाडी गचका खाईल. कितीही जेट बदलले तरी हा दोष जात नाही, कारण चुकीच्या जागी पडलेलं भोक सरकवता येत नाही.

प्रश्न : 1930 च्या दशकातल्या अमेरिकी गाडीचा कार्बोरेटर पाहिला. अंगाला बारीक भेगांचं जाळं आहे. विक्रेता म्हणतो, हाच अस्सलपणाचा पुरावा.
– एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : जुनेपणाचा पुरावा आहे, उपयोगाचा नाही. त्या काळच्या जस्ताच्या ओतकामात शिशाचा अंश राहिला की दमट हवेत धातू कणाकणांच्या सांध्यांतून सडतो, फुगतो आणि भेगाळतो. मुंबईची हवा त्याला फार पोषक. वेल्डिंग टिकत नाही आणि फुगलेल्या अंगातली मापं चुकलेली असतात. आतले पितळी जेट, निडल, बिल्ला यांच्यासाठी घ्यायचा तर घ्या, तोही भंगाराच्या भावाला लागून.

प्रश्न : कंपनीच्या जुन्या खोक्यातला, कधीच न वापरलेला कार्बोरेटर मिळाला तर तपासायची गरज उरते का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : उरते, दोन कारणांनी. खोकी वेगळी विकली जातात आणि नवी छापलीही जातात. जुन्या खोक्यात नवा माल ठेवला की संशय झोपी जातो. न वापरलेल्या कार्बोरेटरची ओळख मॅनिफोल्डच्या बैठकीवर मिळते : तिथे गॅस्केटचा डाग किंवा वॉशरनं पडलेलं वर्तुळ नसावं, स्क्रूंच्या खाचा कोऱ्या असाव्यात, फ्लोटच्या भांड्यात पेट्रोलचा तपकिरी थर नसावा.

दुसरं म्हणजे, खरोखर न वापरलेला असला तरी तसाच गाडीवर चढवू नका. पंपाचं चामडी वॉशर वाळून आकसलेलं असतं, डायफ्रॅम कडक झालेला असतो, कॉर्कचं गॅस्केट चुरा होतं. चामडं रात्रभर हलक्या तेलात भिजवलं तर बहुधा परत येतं. डायफ्रॅम मात्र बदलाच. आजच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हे जुने रबरी भाग मुळीच टिकत नाहीत. ते फुगतात, फ्लोटची सुई अडकते आणि पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर सांडतं. व्हायटनच्या (टिकाऊ कृत्रिम रबराच्या) टोकाची सुई आणि इथेनॉल सोसणारे डायफ्रॅम बसवा आणि काढलेले मूळ भाग चिठ्ठी लावून खोक्यात जपून ठेवा. अस्सलपणाला त्यानं बाधा येत नाही.

प्रश्न : वस्तू दूरगावी आहे, फोटोंवरूनच ठरवायचं आहे. काय काय मागावं?
– एक वाचक, मडगाव, गोवा

उत्तर : समोरून काढलेला देखणा फोटो निरुपयोगी. बिल्ल्याचा जवळून, आणि बिल्ला ज्या स्क्रूखाली आहे त्या स्क्रूच्या खाचेसह. ठोकलेल्या अंकांचा दोन बाजूंनी तिरक्या उजेडात. मॅनिफोल्डवर बसणाऱ्या बैठकीचा. झाकण काढून आतला. जेट आणि निडल बाहेर काढून पट्टीशेजारी ठेवलेले. वजनकाट्यावर ठेवलेला, आकडा दिसेल असा. आणि स्पिंडल हलवताना दहा सेकंदांची चित्रफीत, आवाजासह. यातलं झाकण काढायला विक्रेता नकार देत असेल तर नवं गॅस्केट तुम्ही देऊ असं सांगा. त्या कारणानं अडलेला माणूस लगेच तयार होतो.

बिलावर नुसतं ‘ओरिजिनल कार्बोरेटर’ लिहून घेऊ नका, त्यातून काहीच बांधलं जात नाही. कंपनी, जात, बिल्ल्यावरचा क्रमांक, अंगावरचा क्रमांक, तारखेचा संकेत आणि ‘नव्यानं ठोकलेले अंक नाहीत, नव्यानं बनवलेलं अंग नाही’ असं स्पष्ट वाक्य लिहून त्याखाली सही घ्या. परत करायची मुदत निदान पंधरा दिवसांची मागा, आणि पार्सल आल्यावर ते उघडतानाच चित्रफीत काढा, पहिल्या चिकटपट्टीपासून.